ब्लाउजचे बारा धडे

५ मे २०१९, रविवार. रक्कम एकतीस हजार पाचशे रुपये. हजर मी, बायको आणि फोनवर पुण्याहून मुलगा.

ही रक्कम कॉम्प्युटरच्या दुकानदाराने आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिली होती. नवा प्रोसेसर, त्याला चालेल असा नवा बोर्ड आणि बसवण्याची मजुरी. चिठ्ठी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवली होती, कारण पंखा पाचावर होता आणि पाचावर असूनही नुसती गरम हवा खाली ढकलत होता.

"पप्पा, घेऊन टाका," मुलगा म्हणाला. "जुनं मशीन आहे. एवढे मोठे व्हिडिओ ते ओढू शकत नाही."

"दुकानात तर ओढतंय."

"दुकानात ओढतं आणि घरी ओढत नाही, असं काही नसतं पप्पा."

बायको म्हणाली, "असतं की. दुकान म्हंजी त्याचं माहेर. तिथं गेलं की हसतंय, इथं आलं की तोंड पाडून बसतंय."

मुलगा हसला. ती हसली नाही.

तिचा प्रश्न साधा होता. आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचा शिवणक्लास चालायचा. बीड बायपासच्या पलीकडे आम्ही घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती. मग प्लॉट पडले, घरं झाली, घरांबरोबर बाया आल्या आणि तिचा क्लास भरला. आदल्या हिवाळ्यात आमच्यासमोरचा रस्ता काँक्रीटसाठी उखडला आणि तसाच राहिला. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर अकरा मजली इमारत उठायला लागली. स्कूटी दारापर्यंत येईना म्हणून बाया येईनाशा झाल्या. संक्रांतीनंतर क्लास बंद पडला.

तेव्हा शहरातल्या महिलांच्या एका प्रशिक्षण केंद्राच्या मॅडमनी तिला काम सांगितलं. ब्लाउज शिकवायचा, माप घेण्यापासून हूक लावण्यापर्यंत, बारा धड्यांत, व्हिडिओवर. बाराच्या बारा धडे पंधरा मेच्या आत हवेत. नाहीतर काम दुसऱ्या एका बाईकडे जाणार होतं. त्या बाईचे धडे आधीच तयार होते.

"हे गेलं तर मी जल्मभर पिको-फॉल करत बसणार," बायको म्हणाली होती. साडीला फॉल लावून देणं हे तिच्या लेखी शिवणकामच नव्हतं. ती पिशोर गावची. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी तिने मला सांगितलं होतं की तिला शिवायला नाही, शिकवायला आवडतं.

चित्रीकरण एप्रिलमध्ये झालं. फोन कापायच्या टेबलाच्या कडेला पट्टीने बांधला आणि तिने एकेक धडा न अडखळता सांगितला. व्हिडिओ कापणं-जोडणं ती मुलाकडून फोनवरच शिकली आणि माझ्यापेक्षा लवकर शिकली. "कापड कापणारीला यात काय अवघड आहे," असं म्हणायची. नेमकं कुठे तोडायचं हे तिला कळत होतं. कॉम्प्युटरला कळत नव्हतं. चित्र सुरू केलं की कात्री झटके खात पुढे जायची, आवाज आधी यायचा आणि हात मागून. दहा मिनिटांचा एक धडा तयार करून बाहेर काढायला सकाळी लावला तर दुपारची जेवणं होऊन भांडी घासली तरी किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी रेघ अर्ध्यावर. पाच मेपर्यंत बारापैकी तीन धडे हातात आले होते.

आणि हे सगळं बघायला मी घरी होतो. मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत हिशेब बघतो. त्या उन्हाळ्यात कंपनीला पाणी कमी केलं होतं, एक पाळी बंद झाली होती आणि आम्हा कार्यालयातल्या लोकांना साठलेली रजा घेऊन टाका म्हणून सांगितलं होतं. रजा घेऊन जायचं कुठे? नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नव्हतं, म्हणून घरी कुणीतरी पाहिजेच. खिडक्या उघडायची सोय नव्हती. उघडली की समोरच्या इमारतीचं सिमेंट ताटात. कूलर खिडकीत होता, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं. धडा बाहेर निघत असताना भार पडून दिवे गेले तर सगळं पहिल्यापासून, म्हणून मी मिक्सर लावू द्यायचो नाही, इस्त्री करू द्यायचो नाही. तिच्या शिलाई मशीनची मोटरही बंद. दोघं आतल्या खोलीत, बंद खिडकीशी, रेघेकडे बघत. फोन वाजला तरी आधी रेघेकडे बघायचं आणि मग फोनकडे.

मी माझ्या पद्धतीने दोष शोधला. हिशेबात फरक निघाला की एका वेळी एकच नोंद तपासायची, दोन तपासल्या तर चूक कोणती ते कळत नाही. मुलाने सांगितलं, व्हिडिओच्या हलक्या प्रती करा आणि त्यांच्यावर काम करा. त्या प्रती करण्यातच एक दिवस गेला आणि काम दुपारनंतर पुन्हा अडखळायला लागलं. मग नको असलेल्या फायली काढल्या, लग्नकार्यांचे फोटो दुसरीकडे हलवले. मग मला वाटलं विजेचा दाब कमी पडतोय, कारण पहाटे मशीन बरं चालायचं आणि ऊन चढलं की बसायचं. स्टॅबिलायझर आणला. फरक शून्य.

मुलाने एकदा विचारलं होतं, "गरम होतंय का ते?"

मी म्हणालो, "या घरात गार काय आहे ते विचार."

शेवटी कॉम्प्युटरचं कॅबिनेट दुकानात नेलं. दुकानदार ओळखीचा होता. त्याने झाकण उघडलं आणि म्हणाला, "काका, कमाल आहे! बायपासच्या त्या साइडची मशीनं येतात ना माझ्याकडं, आत अर्धा किलो मिट्टी निघती. तुमचं तर शोरूममधून काढल्यासारखं आहे."

बायको सोबत होती. "कव्हर शिवलंय मी त्याला," ती म्हणाली.

त्या कव्हरबद्दल सांगायला पाहिजे. रस्ता उखडला त्याच महिन्यात तिने ते शिवलं. सोफ्याचं जाड कापड, कडेने पायपिंग, आतून अस्तर. मागे वायरी येतात तिथे चीर आणि चिरेला लूप-बटणं. पुढे चालू करायच्या बटणासमोर बरोब्बर तेवढंच एक काज, हाताने केलेलं. त्यामुळे कॉम्प्युटर लावायला कव्हर काढावं लागत नसे. महिनोन् महिने ते काढलंच नव्हतं. पाहुणे आले की हात लावून बघायचे.

दुकानात नेताना मात्र ते रस्त्यात मळेल म्हणून तिने काढून घडी घालून ठेवलं होतं.

दुकानात धडा लावला तर सरळ चालला. "मक्खन," दुकानदार म्हणाला. तरी त्याने मेमरी वाढवून दिली. घरी आणलं, जागेवर ठेवलं, तिने कव्हर चढवलं, लूप लावले. दुपारी पुन्हा तेच. पुन्हा नेलं, पुन्हा मक्खन. पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने हात टेकले आणि ती एकतीस हजार पाचशेची चिठ्ठी लिहून दिली.

तर रविवारी त्या चिठ्ठीवर बोलणं चाललं होतं. केंद्राकडून बारा धड्यांचे मिळणार होते अठरा हजार.

"अठरा कमवायला एकतीस घालायचे, हा कुठला हिशेब?" बायको म्हणाली. "तुमच्या कंपनीत कुणी केला तर त्याला घरी बसवतील."

"मग काय करायचं?"

"मंगळवारी मॅडमला फोन करते. द्या म्हणते त्या बाईला."

तिने चिठ्ठी बरणीखालून काढून बरणीवर ठेवली आणि आत गेली. चिठ्ठी उडून फ्रीजखाली गेली. मी ती काढली नाही.

सोमवारी दुपारी एकच्या आत-बाहेर नळाला पाणी आलं. गल्लीत ओरडा झाला. पिंप, बादल्या, कुकर, सगळं भरून झालं, आणि तरी नळ चालू होता, तेव्हा तिने धुणं काढलं. चादरी, पडदे. मग आतल्या खोलीत येऊन म्हणाली, "ते कव्हर द्या काढून."

"चौथा धडा लावलाय सकाळपासून. चालू आहे."

"ते राहू द्या चालू. नळ नाय राहायचा."

मी लूप सोडवले आणि कव्हर दिलं. वर गच्चीवर टाकी बघून आलो. आल्यावर पडद्यावर रेघ नव्हती. मला वाटलं बंद पडलं, सकाळपासूनचं काम गेलं. फाइल उघडली. धडा पूर्ण होता.

पाचवा कापून तयार होता, तो लावला. बायको बाहेर फरशी पुसत होती, किती दिवसांनी घरात ओल्या फरशीचा वास येत होता. वास जायच्या आधी धडा निघाला.

मी तिला काही बोललो नाही. एका वेळी एकच नोंद. मेच्या उन्हात कव्हर तासाभरात वाळलं, तिने ते आणून चढवलं, कड ओढून सरळ केली आणि गेली. मी तोच पाचवा धडा पुन्हा लावला. संध्याकाळची पोळी झाली तरी रेघ अर्ध्यावर आली नव्हती. कव्हरच्या मागच्या बाजूला तळहात ठेवला आणि लगेच काढला.

खरं सांगायचं तर त्या वेळी मला आनंद झाला नाही. हे तिला सांगायचं कसं, हेच डोक्यात राहिलं.

मंगळवारी सकाळी तिने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.

"थांब," मी म्हणालो. "मॅडमना फोन करू नको."

"का? लॉटरी लागली व्हय?"

"इथे हात लाव."

मशीन चालूच होतं. तिने कव्हरला हात लावला. "गरम आहे. मग? मी बी गरम आहे."

"आता कव्हर काढ."

"धूळ जाईल की आत."

"काढ आणि मागे हात धर."

तिने काढलं. आतला पंखा हवा फेकत होता, चुलीसमोर बसल्यासारखी. थोड्या वेळाने ती हवा निवत गेली. मी सहावा धडा सुरू केला. तिची कात्री पडद्यावर खडूच्या रेघेवरून सरळ, न अडखळता बाहीच्या मुंढ्यापर्यंत गेली.

ती स्टुलावर बसली. "म्हंजी मीच नाक दाबून धरलं होतं त्याचं."

"तू नाही. कव्हराने."

"कव्हर कुणी शिवलं?"

"फार नेटकं शिवलंस म्हणून झालं. जरा ढगळ असतं तर हवा गेली असती."

"ढगळ मला शिवता येत नाय," ती म्हणाली, आणि ते चिडूनच म्हणाली. मग बराच वेळ कव्हर मांडीवर घेऊन बसली. काजावरून अंगठा फिरवत होती. मी फोन उचलून कपाटावर ठेवला.

थोड्या वेळाने तिने टेप आणली. कॅबिनेटला कुठे कुठे छिद्रं आहेत ते बघितलं आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्याचं माप घेतलं. "मागून गळा मोठा ठेवते," म्हणाली. "बाजूला बी जाळी. लई उकडतंय बिचाऱ्याला." उसवायची सुई घेऊन तिने स्वतःचीच शिवण उसवली. मच्छरदाणीची दुहेरी जाळी लावली, कडेने पुन्हा पायपिंग. व्हिडिओ निघत असेल तोवर कव्हर काढायचं आणि काम संपलं की चढवायचं, असं ठरलं.

चौदा मेला बारा धडे पेनड्राइव्हवर घालून आम्ही दोघं केंद्रात जाऊन देऊन आलो. तिसऱ्या धड्यात टँकरचा हॉर्न ऐकू येतो. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, बायांना ओळखीचा आहे. परत आलो तर खिडकीच्या फटीतून आलेली धूळ शिलाई मशीनवर बसली होती आणि नळ कोरडा होता. ती म्हणाली, "त्याला जाळी लावली. आपल्याला कुठं लावायची?" खिडकी त्या वर्षी पावसाळा लागेपर्यंत बंदच होती.

अठरा हजार तिच्या खात्यावर आले. दुकानदाराला मेमरीचे दिलेले होतेच, चिठ्ठीतला एकही रुपया गेला नाही. पैसे आले त्या दिवशी मी विचारलं, कव्हर पुन्हा शिवायचे तुझे किती झाले. मला वाटलं ती हसेल. तिने गंभीरपणे हिशेब केला आणि म्हणाली, "घरचं गिऱ्हाईक म्हणून कमी करणार नाय." शिवणावळ दोनशे रुपये, जाळीचे चाळीस वेगळे. एकूण दोनशे चाळीस, रोख, बायकोला दिले.