बगदादच्या पुढचा धडा

सामंतांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या बससाठी खाली उतरत होते. "नलू गेली," एवढंच म्हणाले. बस आली, हॉर्न वाजवून निघून गेली.

नलिनी, सामंतांची बायको, शारजात आमच्या शाळेत इतिहास शिकवायची, मी भूगोल. वयाने मोठी, म्हणून माझी नलूताई. मंगोल हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. बाप मारला गेलेला, टोळीने माळावर टाकून दिलेला तेमुजिन, कंदमुळं उकरून पोरं जगवणारी त्याची आई, आणि त्याच पोराचा पुढे झालेला चंगीझखान… ती सांगू लागली की शेवटच्या बाकावरच्या जांभया थांबायच्या. पण तिचा जीव त्यापुढच्या भागात. "मुलूख त्यांनी भराभर जिंकले गं. पण उद्ध्वस्त केलेल्या गावात परत बाजार भरवायचा, माणसं नांदवायची, हे त्यांच्या पुढच्या पिढ्यांना शिकावं लागलं. मला ते शिकवायचं असतं." त्यावर हमखास कोणीतरी विचारायचं, "मिस, इज इट फॉर द एक्झाम?" ती हसायची.

शारजातल्या रोल्ला भागात सामंतांच्या समोरच्या घरात उम्म सलीम राहायची. विधवा, शिवणकाम करणारी, माहेर बगदादचं. संध्याकाळचा चहा दोघींचा एकत्र, मोडक्या हिंदीत. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये बगदादवर बॉम्ब पडू लागले आणि तिथल्या बहिणीचा फोन लागेनासा झाला. उम्म सलीम दिवसभर नंबर फिरवत बसायची. शाळा सुटली की नलूताई तिच्याजवळ जाऊन बसे. एकदा मीही होते. टीव्हीवर नुसता धूर. उम्म सलीमने नलूताईकडे वळून विचारलं, "मुअल्लिमा, तुम टीचर है, तुमको सब मालूम. मंगोल आया, बगदाद खलास किया… फिर लोग घर वापस कब आया?"

वर्गात तासभर न थांबणारी बाई. तिने उम्म सलीमच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच नंबर फिरवू लागली. त्या वर्षी तिचा धडा चंगीझखानाच्या नातवाने, हुलागूने, उद्ध्वस्त केलेल्या बगदादपाशी आला आणि तिथेच थांबला. पुढचं तिने मुलांना घरी वाचायला सांगितलं.

कित्येक महिन्यांनी फोन लागला. उचलला परक्या माणसाने. त्याचं स्वतःचं घर पडलं होतं, म्हणून रिकाम्या घरात बायकोमुलांना घेऊन शिरला होता. आधीची माणसं कुठे गेली, ठाऊक नाही. माफ करा, बहीण, म्हणाला. त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती…

या हिवाळ्यात नलूताईला पोटाचा कॅन्सर निघाला, तोवर फार उशीर झाला होता. हॉस्पिटलात सामंत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालायचे आणि उम्म सलीम उशाशी बसून तिच्या कपाळावरून हात फिरवायची. डॉक्टर काहीही सांगोत, ती म्हणायची, "इन्शाल्ला." शेवटच्या भेटीत नलूताई मला म्हणाली, "उम्म सलीमने विचारलं, तेव्हा मला तिला काहीच सांगता आलं नाही गं."

आता तिचा वर्ग माझ्याकडे आलाय. गेल्या आठवड्यात भिंतीवरच्या आशियाच्या नकाशापुढे उभी राहिले. इराकमध्ये एका जागचा कागद पांढरा पडलाय, नाव पुसलं गेलंय. तिथे ती बोट टेकून बोलायची. "मिस, व्हेअर इज बगदाद?" एका मुलीने विचारलं. मी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. उचलवेना.