नवशीचे खुंट

धुकं पडद्यासारखं वर सरकलं आणि साखरशेत गावच्या उतारावरची नाचणी उजेडात आली. मधोमध नवशी, हातात विळा. समोर जीपमधून उतरलेली नाशिकची प्रतिक्षा, हातात मातीची ओल मोजायचं तीन सुयांचं यंत्र.

नवशीला त्या सुया आवडल्या नव्हत्याच. त्याहून नावडते होते लाल चिंधीचे खुंट. मागच्या खेपेला प्रतिक्षाने जिथे जिथे माती तपासली, तिथे तिथे ते ठोकले होते. "उपग्रह वरून लहरी सोडतो, मावशी. ओल्या मातीवरून त्या जास्त जोरात परत येतात, त्यावरून ओल कळते. ती बरोबर निघाली का, ते आम्ही सुया टोचून बघतो."

नवशीने मान डोलावली होती, पण एक अक्षर मानलं नव्हतं. सासऱ्याच्या वेळीही असेच खुंट आले, अशीच गोड बोलणारी माणसं आली, आणि खालचं भाताचं खाचर धरणाच्या तलावाखाली गेलं. उरला हा उतार. तीन पिढ्यांनी कसलेला, पण त्याचा वनपट्टा, जमीन आपली असल्याचा सरकारी कागद, अजून हातात नव्हता.

आज प्रतिक्षा खुंट शोधत बांधापलीकडे गेली. सगळे कातळावर, भेगांत घट्ट बसवलेले. सुया टेकवल्या, तर वाकायला लागल्या.

"मावशी, इथे माती होती ना?"

"पावसानं नेली असंल."

बांधावर बसलेला नवरा सोम्या हसला. "हिनंच हलवले, ताई. न्यायचाच तर कातळ न्या, म्हनते."

नवशीने त्याच्यावर डोळे वटारले. मग प्रतिक्षाला विचारलं, "आभाळ भरलंय. तुझ्या त्या वरच्याला काय दिसनार?"

"ढगातूनही दिसतं त्याला."

हे तर आणखीच वाईट. "नि जमीन कोनाची, ते दिसतं?"

"नाही. फक्त ओल."

नवशीने विळा कमरेला खोचला. नाव दिसत असेल, तर भीती. दिसत नसेल, तर एवढ्या वर्षांचं कसणं वरून बघणाऱ्यालाही कळायचं नाही.

उपग्रह डोक्यावरून जायची वेळ होत आली होती. प्रतिक्षा घड्याळ बघत होती, पण खुंटाला तिने हात लावला नाही. "तुम्ही नको म्हणालात तर मी जाते, मावशी."

नवशी कातळावर गेली. एक खुंट उपसून नाचणीत आणला, उकिडवी बसली, दगड उचलला.

"एकच," ती म्हणाली. "नि ठोकनार मी. मला उपटता यील, तेवढाच खोल."