वादळकन्येची आई

माझी मावशी चित्रकथांच्या मासिकात अक्षरं काढते. चित्रं एकाची, शब्द दुसऱ्याचे. मावशीकडे येतात ते पात्रांच्या तोंडातून निघालेले पांढरे, रिकामे फुगे. खिडकीजवळच्या उतरत्या टेबलावर मान वाकडी करून ती ते भरते. तिथे बसल्याबसल्याच चित्रकाराने तिचा चेहरा उचलला, जाड भुवया आणि हनुवटीवरच्या खळीसकट, आणि मासिकाच्या नव्या नायिकेला, वादळकन्येला, देऊन टाकला. वादळकन्या घराघरांत पोचली. मावशीने मनावर घेतलं नाही.

घेतलं ते आजीने. पहिल्याच अंकात वादळकन्येची आई पुरात वाहून गेली होती. आजीने अंक मिटला, चष्मा काढला आणि ताट बाजूला सारलं. "चेहरा माझ्या पोरीचा, आणि मी मेले?"

मावशीने परोपरीने समजावलं, की ती गोष्ट आहे. आजीचं म्हणणं, गोष्ट असली म्हणून काय झालं, शेजारीपाजारी वाचतात.

मग लेखक बदलला. लेखक बदलला की वादळकन्येचा जन्मही बदलायचा. दुसऱ्याने ती नदीकाठच्या चिखलातून घडवली. आईचा पत्ताच नाही. तिसऱ्याने तुटत्या ताऱ्यातून खाली पाडली. चौथ्याने प्रयोगशाळेत, काचेच्या बरणीत वाढवली.

"नऊ महिने उलट्या मी काढल्या," आजी म्हणाली, "आणि नाव बरणीचं." तिने घरातल्या सगळ्या बरण्या माळ्यावर टाकल्या. साखर कागदाच्या पुडीत राहू लागली आणि मुंग्यांचं फावलं.

पाचवा लेखक आला तेव्हा, साधी रजा मागतानाही अडखळणारी मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. या खेपेला आई जिवंत ठेवता येईल का, म्हणाली. घरी फार ओढाताण होते. लेखक भला माणूस. त्याने आई जिवंत ठेवली, आणि खलनायिका केली. जग बुडवायला निघालेली.

मावशीने तो अंक भीतभीतच घरी नेला. आजीने पुन्हा पुन्हा वाचला. जिवंत आहे ना, मग झालं, असं म्हणून दूधवाल्यालाही दाखवला. पुढचे कित्येक महिने आजी मन लावून जग बुडवत होती. घरात शांतता नांदली. साखर बरणीत परतली.

पण खलनायिकांचं शेवटी जे होतं तेच झालं. वादळकन्येने तिला कड्यावरून ढकललं. खाली नुसती काळी दरी. ते पान मावशीच्या टेबलावर आलं. सगळे फुगे भरून झाल्यावर ती बराच वेळ त्या काळ्या शाईकडे बघत राहिली. मग दरीच्या तळातून वर येणारा एक लहानसा फुगा तिने स्वतःच काढला आणि त्यात लिहिलं, "स्वेटर घातलास का गं?"

अंक छापून आल्यावर संपादक मावशीवर भडकला. पण तोवर वाचकांनी फोन करकरून त्याला हैराण केलं होतं, आई वाचली कशी म्हणून. लेखकाला ती दरीतून वर काढावीच लागली.

आजीने ते पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. मग चष्म्यावरून मावशीकडे बघितलं.

"मी मफलर म्हणते," ती म्हणाली. "पुढच्या वेळी नीट लिही."