उजेडातला लाल

"उजेडात चाला, भाऊ," म्हणत चाचा मशीनवरून उठायचे आणि कापड-धागा घेऊन थेट रस्त्यावर यायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वरोऱ्यात माझं कापडाचं दुकान आणि त्यांचं शिलाईचं, मध्ये एक भिंत. रंग जुळवणारे शिंपी तुम्हीही पाहिले असतील. चाचा दहा तऱ्हेचे लाल नुसत्या नजरेनं वेगळे काढत. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो शोभायचाही.

एका हिवाळ्यात महिनाभर त्यांना बारीक ताप आणि डोकेदुखी होती. त्याच सुमारास धाग्याबद्दल त्यांची कुरकुर सुरू झाली. "कंपनीनं रंग बिघडवला." रिळांचे दोन डबे त्यांनी व्यापाऱ्याला परत पाठवले. मीही मान डोलावली, त्याची अजून लाज वाटते.

मग लग्नाचं लालभडक ब्लाउज त्यांनी चक्क कथ्थ्या, तपकिरी धाग्यानं शिवलं. नवरीची आई म्हणाली, "चाचा, हे काय केलं जी?"

चाचा ब्लाउज घेऊन उन्हात गेले. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"उजव्यानं फिका लाल दिसून राह्यला, डाव्यानं निरा मातकट. भाऊ, धागा चांगलाच होता."

मला रंग विचारून त्यांनी ते ब्लाउज उसवून पुन्हा शिवलं. दुसऱ्या सकाळी आम्ही चंद्रपूरचा डोळ्यांचा दवाखाना गाठला. तपासण्यांत निघालं, महिनाभराचा ताप क्षयाचा होता आणि संसर्ग डोळ्यामागच्या नसेपर्यंत पोचला होता.

"हे चष्म्याचं काम नाही," डॉक्टर म्हणाले. "गेलेलं परत येणं कठीण, उरलेलं वाचवू. गोळी चुकवू नका. रोज एकेक डोळा झाकून लाल रंग बघा. फिका वाटला तर त्याच दिवशी या."

"मले उजवा पाह्यजे," चाचा म्हणाले. दुकानात वस्तू मागावी तसं.

त्यांनी एक गोळी चुकवली नाही. डावा गेला तो गेलाच, पण उजव्यावर ते आणखी सात वर्षं शिवत राहिले. गिऱ्हाइकालाही सोडत नसत. माप नंतर, आधी डोळा झाकून लाल बघायचा. बायका तोंडाला पदर लावून हसत.

"हासता काऊन? मी धाग्याले दोष देत बसलो. तुमी नका बसू."

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. त्यांच्या मशीनवरचं लाल रीळ मी मागून घेतलं. सकाळी शटर उघडलं की ते घेऊन रस्त्यावर येतो, आधी उजवा झाकतो, मग डावा. लोक हसतात. लाल नीट दिसला की आत जातो. एखाद्या दिवशी दोन्ही डोळे भरून येतात, तेव्हा मात्र थोडं थांबून पुन्हा बघावं लागतं.