घडी न मोडलेला पेपर

आमच्या चौकातल्या टपरीवर एकच पेपर येतो. आम्ही चौघे पेन्शनर चहाबरोबर त्याची पानं वाटून घ्यायचो. प्रत्येकाच्या हातात वेगळं पान, त्यामुळे प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. चहा गार होईपर्यंत भांडायचो.

हल्ली पेपरची घडीही मोडत नाही. चौघेही टीव्हीवरच्या त्याच एका ओरडणाऱ्या माणसाला ऐकून येतो. परवापासून तो आमच्याच गावातल्या मुख्याध्यापिकेला देशद्रोही म्हणतोय.

"नाना, तुमची नात त्यांच्याच शाळेत शिकली ना?" मी विचारलं.

"हो, बाई फार चांगल्या," नाना म्हणाले. "पण तो एवढं ठासून सांगतोय, म्हणजे काहीतरी असणारच."

इतकी वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस दोन दिवसांत पुसलं जातं. आपल्या वतीनं दुसरा कुणी चिडला की डोक्याला किती आराम मिळतो! मलाही मिळतो, खोटं कशाला बोलू?

कुणी वाचत नाही म्हणून टपरीवाल्यानं आजच्याच पेपरचं पान फाडून त्यावर भजी दिली. तेल पसरत होतं, तिथं बाईंचा खुलासा छापलेला होता. शेवटच्या दोन ओळी अजून कोरड्या होत्या.

त्या न वाचताच मी भजं उचललं.