तेवीस बाटल्यांतले किडे

नर किडा कोणत्या जातीचा हे त्याच्या ढुंगणावरून ओळखतात, हे मला सत्तरीत कळलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं शेत, जनावरं, चार बाळंतपणं. किडा म्हणजे एक तर कपाशीवरचा, नाही तर डाळीतला. पहिल्यावर फवारायचं, दुसऱ्याला ऊन दाखवायचं.

मग घरात सून आली ती किड्यांवर पीएचडी करणारी. धाडजवळच्या आमच्या गावातून ती बुलडाण्याच्या कॉलेजात जाते आणि सुट्टीच्या दिवशी ओढ्यानाल्यांना. तिच्या किड्याला कॅडिसफ्लाय म्हणतात. लहानपण पाण्यात काढतो, पंख फुटले की दिवेलागणीला दिव्यावर येतो. दिसायला मळकट पाकोळी, म्हणजे पतंगासारखा.

"दिव्यावरचे पाखरं झाडून झाडून माही कंबर गेली," मी तिला म्हटलं होतं, "अन् तू ते घरात आणून राह्यली?"

"तुमी झाडता तेच तर माहं काम आहे, आत्याबाई. झाडू नका, मले द्या."

मधल्या खोलीत फळीवर तिच्या बाटल्या असत. बोटाएवढ्या, स्पिरिट भरलेल्या, प्रत्येकीत पाच-सात किडे. महालक्ष्म्यांच्या आधी मी घर आवरायला काढलं. सून कॉलेजात होती. बाटल्या पुसताना दिसलं, प्रत्येकीत कागदाचा एक कपटा पडलेला. वाटलं, किती गबाळी पोरगी आहे. तेवीसच्या तेवीस बाटल्या उघडल्या, चिमट्यानं कपटे काढले, ताटात पसरून उन्हात वाळवले. वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं म्हणून फेकले नाहीत. वाळल्यावर गड्डी करून रबर लावलं. संध्याकाळी ती आल्यावर गड्डी तिच्या हातात दिली आणि चहा ठेवायला वळले. शाबासकीची वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू.

ती खाटेवर बसली. "आत्याबाई, कोन्ती चिठ्ठी कोन्त्या बाटलीतली?"

"ते मले काय माहीत? सगळ्यायतल्या काढल्या."

"त्या आतच ठेवाच्या असतात. बाहेरून लावली तर स्पिरिटनं डिंक सुटून पडते. किडा कुठं सापडला, कोन्त्या दिवशी, ते त्याच्यावर असते. ते नसलं तर हा नुसता मेलेला किडा."

दोन वर्षं ती ज्या ज्या पाण्यात उभी राहिली होती, त्याची सगळी माहिती त्या गड्डीत गेली होती. मुलानं ऐकलं आणि माझ्यावर आवाज चढवला. तिनं त्याला थांबवलं. "तुमी मधात नका बोलू. चिठ्ठी काऊन टाकतात हे मी घरात कोनाले सांगितलंच नव्हतं." तिच्या सरांनाही तिनं फोनवर हेच सांगितलं, चूक तिची स्वतःचीच आहे म्हणून. मी दारात उभी राहून ऐकलं. मी सून असताना माझ्या हातून लोणच्याची एक बरणी नासली होती, ते मी तीन महिने ऐकलं. त्यामुळं तिचं हे वागणं समजायला मला वेळ लागला.

एक मार्ग होता. प्रत्येक ठिकाणी किती किडे मिळाले, कोणत्या कुळाचे, कोणत्या जातीचे, नर किती, मादी किती, हे तिच्या वहीत होतं. बाटलीतला किडा पुन्हा ओळखायचा, वहीशी ताडायचा आणि जुळला तरच चिठ्ठी आत टाकायची. सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. नाही जुळलं तर प्रबंधातलं एक प्रकरण गेलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"बसा इथं," ती म्हणाली आणि मायक्रोस्कोप माझ्यापुढं सरकवला. मोतीबिंदू काढल्यापासून माझी नजर चांगली आहे.

पाकोळीच्या पंखांवर भुकटी असते, बोटाला लागते. याच्या पंखांवर केस असतात. मोठ्या दोन डोळ्यांच्या मधे तीन बारीक ठिपके आहेत का, ते पाहायचं. तेही डोळेच. मग पायाच्या नळीवरचे काटे मोजायचे. आमच्या बाटल्यांतल्या ठिपकेवाल्यांना पुढच्या पायावर एक, मधल्यावर चार, मागच्यावर चार. बिनठिपक्यांच्या पुढच्या पायावर दोन. जन्मभर तुरीची डाळ निवडलेली बाई मी, चार दिवसांत हात बसला.

"एक-चार-चार," मी सांगितलं.

ती वाकून पाहायची. "ठिपके कुठं आहेत? पुढचा एक काटा तुटला आहे, आत्याबाई. हे पाहा, त्याचं भोक. दोन-चार-चार."

तेव्हापासून मी भोकंही मोजू लागले.

पण कुळावर भागत नाही. जात ठरते ती नराच्या शेवटच्या टोकावरून.

"म्हंजे ढुंगणावरून?"

"हाव."

"एवढे शिकले लोक, त्यायले पाहाले दुसरं काही नाही भेटलं?"

ती पोट धरून हसली. चिठ्ठ्यांनंतर पहिल्यांदाच. ते टोक कापून पोटॅशच्या कोमट पाण्यात ठेवतात. आतलं मांस विरघळतं, कवच राहतं. त्याला सांडशीसारखे दोन पकडे असतात, नर मादीला धरतो ते. एका जातीत त्यांचं टोक निमुळतं, दुसरीत त्याला खाच. वेळ जास्त झाला तर सगळंच विरघळतं. म्हणून पोटॅशजवळ मी बसायची. दूध उतू न देणं मला येतं.

एकोणीस बाटल्या जुळल्या. उरलेल्या चारपैकी एकीत एकच नर होता, पकड्याला दोन खाचा असलेला. तसं चित्र तिच्या एकाही पुस्तकात नव्हतं. वहीत दोन ठिकाणांपुढं 'एक नर, ओळख बाकी' एवढंच लिहिलेलं, एक पैनगंगेचा काठ आणि एक धरणाखालचा नाला.

"लिही ना एक कोन्तं तरी," मी म्हणाले. "कोन पाहाले येते?"

"मले तर माहीत राहीन ना."

चारही बाटल्यांत तिनं 'ठिकाण नक्की नाही' असं लिहून टाकलं. सरांनी ते प्रकरण पुढच्या पावसाळ्यावर ढकललं. दुसरी असती तर खोलीला कुलूप लावलं असतं. हिनं उलट मला ब्रश धरायला शिकवलं.

पुढच्या भाद्रपदात मीही तिच्यासोबत निघाले. ओढ्याकाठी पांढरी चादर बांधायची, पुढं दिवा ठेवायचा आणि बसलेला किडा ओल्या ब्रशनं उचलायचा. नाल्यावर दोनदा गेलो, तसला नर मिळाला नाही. पैनगंगेवरून तीन बाटल्या भरून आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशमधून काढलेलं पहिलं टोक मी भिंगाखाली पाहिलं.

"दोन खाचा," मी म्हणाले.

तिनं मला उठवलं आणि स्वतः बसली. सुईनं ते टोक उलटवून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मला राग आला नाही. स्वतःचं कामही ती असंच पुन्हा तपासते, आणि माझं त्याच मापानं तपासलं, याचं मला बरं वाटलं. चौथी शिकलेल्या म्हातारीचं मन राखायला नुसतं हो म्हणाली असती, तर मी पुन्हा त्या खुर्चीवर बसले नसते.

जात नवी की जुनीच, ते सर ठरवतील. पैनगंगेवर ती आहे, एवढं पक्कं झालं.

"हाव, दोन," ती म्हणाली आणि वही ओढली.