शाळेचा दरवाजा आणि आचारसंहिता

एकत्र निवडणुका या विषयावर आमच्या घरात दोन मतं आहेत. नवऱ्याचं मत असं की लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी उरकून टाकाव्यात, जमलं तर जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतही त्याच आठवड्यात. माझं मत असं की निवडणुका जितक्या वेगवेगळ्या आणि जितक्या वारंवार होतील तितकं बरं. तो साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यामुळे त्याच्या मताला देशाचा आधार असतो. माझ्या मताला एका दरवाजाचा आधार आहे.

मी शहाद्याहून स्कूटीनं ज्या गावात शिकवायला जाते ते तापीकाठचं, केळीचं गाव. शाळा आठवीपर्यंत. शाळेत मुलींसाठी शौचालय आहे, म्हणजे भिंती आहेत, पत्रा आहे, भांडं आहे आणि बाहेर निळ्या रंगात 'मुली' असं लिहिलेलं आहे. दरवाजा नव्हता. आधीचा प्लायवूडचा होता, तो खालून कुजत कुजत वर गेला आणि एका पावसाळ्यात संपला. बिजागऱ्या तेवढ्या राहिल्या. मी सकाळी चहा न घेता निघायचे आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पाणी प्यायचे नाही. पाण्याची बाटली टेबलावर असायची, ती मुलांना आरोग्याचा धडा शिकवताना दाखवायला. माझं एक वेळ ठीक आहे, मला त्याचा पगार मिळतो.

सातवीत एक मुलगी होती. तिचे वडील गावातल्या एका केळीवाल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे आणि बायकोमुलांसह त्याच्याच शेतात राहणारे. गावातल्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या, त्यातल्या निम्म्या परत यायच्या. हिचं घर पार नदीच्या अंगाला, जाऊन येईतो शाळा सुटायची. म्हणून महिन्यातले ते दिवस ती यायचीच नाही, आणि बाकीचे दिवस माझ्यासारखीच तहानलेली बसायची. गणित तिला असं यायचं की मी फळ्यावर उदाहरण पुरतं लिहायच्या आत ती उत्तर सांगून मोकळी व्हायची. तिच्या आईनं मला सरळ सांगितलं, "मॅडम, आते पोर मोठी व्हयनी. उघडावर कशी जाई ती? यंदा शिकाडा, मंग बस." मी म्हटलं, काहीतरी करते. असं म्हणायला काही लागत नाही.

मग लोकसभेची निवडणूक लागली. आमची शाळा म्हणजे मतदान केंद्र. तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. वीज बघितली, पाणी बघितलं, चाकाच्या खुर्चीसाठी उतार बघितला आणि मागे जाऊन त्या चौकटीसमोर उभे राहिले. "दरवाजा कुठे आहे?" हा प्रश्न आमच्या शाळेला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, प्रस्ताव पाठवलेला आहे. साहेब म्हणाले, मतदान अधिकारी काय प्रस्तावाच्या आडोशाला बसणार?

ग्रामसेवकाची धावपळ उडाली. सालदार ज्याच्याकडे होता त्या केळीवाल्याला गाव आबा म्हणतं. आबांचं नवं घर तेव्हा बांधून होत आलं होतं आणि न्हाणीचा दरवाजा आणून ठेवलेला होता. फायबरचा, पिस्ता रंगाचा, वर दोन हंस. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा ग्रामसेवकानं तो शाळेला बसवून टाकला. आबांनीही दिला, कारण मतदानाच्या दिवशी अख्खं गाव तो बघणार होतं. मतदान झालं. मे महिना, शाळेला सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हंस आबांच्या घरी पोचले होते.

मला संताप आला. मत द्यायला येणाऱ्याला एका दिवसासाठी दरवाजा लागतो आणि शिकायला येणाऱ्या पोरीला वर्षभर लागत नाही, हे मी मुख्याध्यापकांना मोठ्या आवाजात सांगितलं. त्यांनी प्रस्ताव पुन्हा पाठवला.

यावेळी मात्र नवल घडलं आणि प्रस्ताव मंजूर झाला. कामाचा आदेश तेवढा निघायचा होता, तर विधानसभेची आचारसंहिता लागली. आता काही करता येणार नाही, असं वरून कळलं. नवऱ्याला हे सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. "मी काय म्हणतो? एकदाच निवडणूक असती तर तुझा दरवाजा आज बसलेला असता." मी म्हटलं, निवडणूकच नसती तर दरवाजा नाही हे कुणाच्या लक्षात आलं असतं? दोघांचंही बरोबर होतं, म्हणून आम्ही वांग्याची भाजी मुकाट्यानं खाल्ली.

पुन्हा पाहणी, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ग्रामसेवक आबांच्या दारात. आता दरवाजा आबांच्या न्हाणीला बसलेला होता. आबांच्या बायकोनं साफ नाही म्हटलं. पण आबांच्या पक्षाचा उमेदवार केंद्रावर फेरी मारणार होता, तेव्हा घरातलं मतदान एक विरुद्ध एक झालं आणि नेहमीप्रमाणे आबा निवडून आले. दरवाजा आला. मतदान पार पडलं. दुसऱ्या दिवशी आबा पेचकस घेऊन हजर.

माझं ठरलेलं होतं. "आबा, काढता येणार नाही. आचारसंहिता आहे. मतदान केंद्राला जे लावलं ते आचारसंहिता उठेपर्यंत हलवायचं नाही."

असा नियम आहे का, मला माहीत नाही. बहुधा नाहीच. मुख्याध्यापक शेजारीच होते, त्यांनी कडुनिंबाकडे बघायला सुरुवात केली. पण आमच्या गावात आचारसंहितेचा धाक देवीच्या कोपासारखा आहे. आचारसंहितेमुळे रस्त्याची खडी तशीच पडून राहते, पाण्याची मोटर दुरुस्त होत नाही, सभागृहाच्या पाटीवरच्या नावावर कागद चिकटतो. एवढं सगळं थांबतं तर एक दरवाजा थांबला यात आबांना काही वावगं वाटलं नाही. "मंग बरोबर शे," म्हणाले आणि गेले.

निकाल लागला, आचारसंहिता उठली, आबा परत आले. मी म्हटलं, जिल्हा परिषदेची बाकी आहे, कधीही लागेल. हे तर खरंच होतं. आबा पुन्हा गेले. मंजूर झालेल्या दरवाजाचं म्हणाल तर मुख्याध्यापक चौकशी करून आले. पाहणीच्या अहवालात आमच्या शाळेला दरवाजा असल्याची नोंद झालेली होती, आणि असलेल्या दरवाजासाठी पैसे मिळत नाहीत.

पण मुलगी रोज यायला लागली. तिच्या आईकडून मी आणखी एक वर्ष मागून घेतलं होतं, ती आता आठवीत होती आणि फेब्रुवारीत तिची स्कॉलरशिपची परीक्षा होती. महिन्यातले ते दिवसही ती आली. दुपारी ती शौचालयात जायची, आतून कडी लावल्याचा आवाज यायचा आणि मला तो आवाज वर्गात बसून ऐकायला आवडायचा. मी स्वतः चहा पिऊन यायला लागले, शाळेत बाटली रिकामी करायला लागले. इतकं साधं सुख असतं हे मी विसरून गेले होते.

मग जानेवारीत आबा उसाच्या कामासाठी कारखान्यावर गेले. काम होईपर्यंत माझ्या नवऱ्यानं त्यांना चहा पाजला आणि एकत्र निवडणुकांचा मुद्दा समजावून सांगितला. एकदाच मतदान, मग पाच वर्षं कटकट नाही, सभा नाहीत, आचारसंहिता नाही. घरी येऊन मला म्हणाला, "खेड्यातल्या माणसाला हे लगेच पटतं बघ. असं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या तासाला आबा पेचकस घेऊन आले. "मॅडम, आते पाच साल इलेक्शन नही. साहेबनी सांगं."

"कोणत्या साहेबांनी?"

"तुम्हना."

मी म्हटलं, ते अजून झालेलं नाही, नुसती चर्चा चाललीय. आबा म्हणाले, "चर्चा ते झेडपीनी बी शे, मॅडम." मी त्यांच्यामागून चालू लागले.

दरवाजा आतून बंद होता. आबा दूर जाऊन, पाठ करून उभे राहिले. कडी निघाली आणि सालदाराची मुलगी बाहेर आली. आबांच्या हातातला पेचकस तिनं बघितला, मान खाली घातली आणि वर्गात गेली. आबांनी वरच्या बिजागरीचे स्क्रू काढून सदऱ्याच्या खिशात टाकले. दरवाजा एका बाजूला कलला. तेवढ्यात ती मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली आणि फाटकाकडे निघाली.

"कथी चालनी वं?" आबांनी विचारलं.

"घर."

"शाळा सुटनी का?"

"नही. दरवाजा चालना ना, आबा. मंग मी आठे काय करू?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गणिताचं उत्तर सांगावं तसं तिनं सांगितलं. परीक्षा तोंडावर आली होती आणि ती आता पुन्हा येणार नाही हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि नवऱ्याचा, आबांचा, त्या पाहणीच्या साहेबांचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

आबा कललेला दरवाजा एका हातानं धरून उभे होते. बराच वेळ त्यांनी खिसा चाचपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, झेडपीनी आचारसंहिता कव्हय लागी?"

"कधीही लागेल."

"मंग काढीसन काय फायदा? परत लावनाच पडी." त्यांनी एकेक स्क्रू पुन्हा बसवला, दरवाजा उघडून मिटून बघितला आणि मुलीला म्हणाले, "जाय, वर्गमा बस."

ती गेली. परीक्षेलाही बसली. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला की तत्त्व म्हणून त्याचं मत कायम आहे. असू दे.

आबांची बायको मात्र शहाद्याच्या बाजारात समोर आली की तोंड फिरवून निघून जाते. त्यांच्या नव्या घराच्या न्हाणीला जुन्या साडीचा पडदा आहे, आणि आंघोळ करताना तिला सुनेला बाहेर राखणीला उभं करावं लागतं. ती माझ्याशी बोलत नाही यात तिची काही चूक नाही.